उजवीकडची उशी

मी बोलतो आहे तो अर्ध्या देहाने. माझा पुढचा भाग कापून नेला आहे; उरलेला मी, एक प्रवासी जहाज, किनाऱ्याच्या चिखलात रुतून उभा आहे.

माझ्या पूर्वजांना पोहोचण्याची घाई असे. टपाल, परदेशी निघालेली कुटुंबे आणि त्यांच्या ट्रंका घेऊन ते समुद्र ओलांडत. विमाने आली आणि त्यांचे काम संपले. मला बांधले ते लोकांना फिरवून पुन्हा त्याच धक्क्यावर आणून सोडण्यासाठी. वर नाचघर नि तरणतलाव. खाली धुलाईघरात वाफेने घामाघूम झालेली माणसे. वरच्यांना खालच्यांचा पत्ता नसे.

संध्याकाळी प्रवासी जेवायला गेले की खोल्यांची सेविका दारावर टकटक करी, आत जाऊन पांघरूण दुमडून पलंग झोपण्यासाठी उघडा करी, उशा थोपटी. प्रवासी एकटा असेल तर एकच बाजू उघडायची, असा नियम होता.

मागच्या टोकाच्या खोलीत दरवर्षी एक वृद्ध जोडपे येई. तिथेच, झोपेत, आजोबा गेले. पुढच्या वर्षी आजी एकट्या आल्या. हाताच्या सवयीने सेविकेने दोन्ही बाजू उघडल्या. चूक लक्षात येताच ओशाळून ती उजवीकडची उशी उचलू लागली.

"राहू दे गं," आजी म्हणाल्या. "जन्मभर माझ्या अंगावरचं पांघरूण ओढून घेतलं त्यांनी. आता सगळंच मला मिळालं, तर झोप कशी लागायची?" मग आवाज उतरला. "आणि ते आलेच तर? बाजू बंद दिसली की परत फिरतील. मी नसले तरी एवढं करशील?"

"करीन, आजी."

तेव्हापासून पलंगाच्या उजवीकडे मला एक हलका भार जाणवू लागला. तो लाटांचा भासही असू शकेल. परंतु समुद्र निवांत असतानाही तो येई.

पुढे आजी येईनाशा झाल्या. त्या खोलीत कोणीही उतरो, सेविका दोन्ही बाजू उघडत असे. मी मोडीत निघालो तेव्हा शेवटच्या बंदरात तिने तसेच अंथरूण घातले, दाराला 'कृपया त्रास देऊ नये' ही पाटी अडकवली आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाली, "आता तू बघ रे बाबा."

मला हात नाहीत. होत्या त्या भिंती, आणि त्याही रोज कमी होत आहेत.

आज पोलाद कापणारे दोन कामगार, दाजी आणि त्यांचा मेहुणा, त्या दाराशी आले.

"दाजी, पाटी बघा. त्रास नको म्हणतायत!"

"साहेब झोपलेत वाटतं. चहा घेणार का, विचार."

मेहुण्याने हसत टकटक केली आणि दार ढकलले. दोन्ही उशांत खळगे पडले होते. पांघरूण मात्र सगळे उजवीकडे ओढलेले.

"कोणी राहतंय का इथं?"

"वर यायला शिडी एकच, आणि ती आपणच लावली," दाजी म्हणाले. त्यांनी दार हलकेच ओढून घेतले, पाटी सरळ केली. "चल, आधी शेजारची घेऊ."

शेजारची खोली आज संपेल. दाजी, उद्या तुम्ही याल, तेव्हा एवढेच करा: टकटक करून थोडे थांबा. आतल्या दोघांना उठायला वेळ लागतो. त्यांतल्या एकाला पांघरूण सोडवत नाही.