दुसऱ्या दिवसाच्या चिकाचा रंग

भाटघरचं नवं धरण भरायच्या आधी खालची गावं उठली, तेव्हा लोकांनी आपापल्या घरांची लाकडं विकायला काढली. भिंती कोण नेणार? त्या तशाच पाण्यात गेल्या. पण खांब, तुळया, चौकटी, दारं हे सगळं चांगलं सागाचं होतं. पाटलांच्या घराचं सगळंच्या सगळं लाकूड रायबा धनगरानं घेतलं. डोंगराच्या पायथ्यापर्यंत ते बैलगाड्यांनी आलं आणि तिथून वर वस्तीपर्यंत माणसांच्या खांद्यावर. एकेका तुळईला आठ-आठ जण लागले. रायबाचा धाकटा भाऊ नाथा पुढं चालायचा आणि मागच्यांना ओरडून सांगायचा, "दमानं रं! पाटलाचं घर हाय, आपटू नगा!"

वस्तीवर तोवर सगळ्यांची घरं कारवीच्या कुडाची. आत शिरायचं ते वाकून, बाहेर यायचं तेही वाकून. रायबाचं घर उभं राहिलं तेव्हा त्यात माणूस ताठ उभा राहू शकत होता, आणि पहिले चार दिवस वस्तीतली माणसं नुसती ताठ उभी राहायलाच येत होती.

एकच भानगड झाली. सुतारानं खांब लावले ते लांबी बघून. रंग बघून नाही. पाटलांच्या सोप्यातले खांब हिरवे होते, स्वयंपाकघरातले धुरानं काळे पडलेले आणि देवघरातला एक शेंदरी. इथं त्यांची खिचडी झाली. चुलीपाशी दोन हिरवे आले, सोप्यात ऐन समोर एक काळाकुट्ट, आणि देवघरातला शेंदरी खांब शेळ्या बांधायच्या कोपऱ्यात. नाथा शेळ्यांची धार काढायला गेला की आधी त्या खांबाला हात जोडायचा आणि मग खाली बसायचा. त्या खांबाला शेळी बांधायची कुणाची छाती होईना.

"ह्याला रंग द्याया पायजे," रायबाची बायको कमळाबाई म्हणाली. "आखितीला घरभरणी हाय. पै-पाव्हणं येत्याल."

"तर द्यायचाच की," रायबा म्हणाला. "समदा हिरवा. खांब हिरवं, तुळया हिरव्या, भिंती बी हिरव्या."

"हिरवा न्हाई."

"का? मोठ्यांच्या घरचा रंग हाय त्यो."

"पावसाचं चार महिनं हिरवंच बघती मी. डोंगर हिरवा, रान हिरवं, डबक्यातलं शेवाळ हिरवं. आता घरात बी तेच? मला चिकाचा रंग पायजे."

रायबानं डोक्याला हात लावला. त्यांच्या वस्तीत आजवर कुणी घराला रंग दिला नव्हता. त्यांचा रंगाशी संबंध एवढाच, की शेळ्यामेंढ्या ओळखू याव्यात म्हणून त्यांच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढायचा. घराला रंग देणारा माणूस असतो, हे त्याला ऐकून माहीत होतं. तो भोरला गेला आणि चिमाजी रंगाऱ्याला घेऊन आला.

चिमाजीनं दोन देवळांचे सभामंडप रंगवले होते आणि तो ते कुणाला विसरू देत नसे. डोंगर चढताना तो सहा वेळा बसला. वर आल्यावर पाणी प्याला, पगडी नीट केली आणि पिशवीतून एक फळी काढली. फळीवर रंगांचे पट्टे होते. तो बोट ठेवून एकेक नाव सांगू लागला, "हा डाळिंबी. हा मोरपंखी. हा अंजिरी. हा बदामी."

कमळाबाईनं फळी उलटी करून मागची बाजूही पाहिली. "ह्यात चिकाचा न्हाई?"

"कशाचा?"

"गाय याल्यावर पयल्यांदा दूध येतंय, त्यो चीक. तसला रंग पायजे भिंतींना."

चिमाजी भोरच्या बाजारपेठेत वाढलेला. त्यानं चीक कधी पाहिला नव्हता. त्यानं फक्त खरवस खाल्लेला. "हां, खरवसाचा रंग!" तो म्हणाला. त्यानं चुन्यात पिवडीची पिवळी माती घातली, गेरूची चिमूट टाकली आणि सोप्याच्या भिंतीवर हातभर पट्टा मारला.

"ह्यो गुळाचा रंग," कमळाबाई म्हणाली. "शिजवल्याला नव्हं, कच्चा चीक म्हंती मी."

त्यानं दुसरा पट्टा मारला.

"ह्यो हळदीचा."

तिसरा.

"आजारी माणसाचं डोळं असत्यात तसला ह्यो."

चिमाजीनं ब्रश खाली ठेवला. "वैनी, देवळाच्या पंचांनी सुद्धा माझा इतका अंत पाहिला नव्हता. तुमचा तो चीक एकदा मला दाखवा, मग मी जसाच्या तसा करून देतो."

"तांबडी गाय याईल आज-उद्याकडं," कमळाबाई म्हणाली. "दाखवती."

तांबडी गाय आठ दिवस व्यायली नाही. चिमाजीला परत खाली जाऊन पुन्हा डोंगर चढायचा नव्हता, म्हणून तो राहिला. सकाळी तो गाईसमोर जाऊन उभा राहायचा आणि गाय त्याच्याकडे बघत रवंथ करायची. मग दिवसभर तो दूध-भाकर, ताक-भाकर, तूप-भाकर खायचा. चौथ्या दिवशी त्याची पगडी खुंटीला लागली ती लागलीच. सहाव्या दिवशी तो नाथाबरोबर शेळ्या राखायला गेला आणि हरवला. त्याला दोघांनी शोधून आणलं.

तिकडं भिंतीवरच्या पट्ट्यांचं वेगळंच झालं. चुना धरावा म्हणून चिमाजी त्यात मीठ घालायचा. एक दिवस सगळे गाईपाशी असताना शेळ्या सोप्यात शिरल्या आणि त्यांनी तिन्ही पट्टे चाटून साफ केले. नाथा पळत आला तेव्हा एक तरणी शेळी पुढचे पाय भिंतीला लावून उरलंसुरलं चाटत होती.

"दादा," तो रायबाला म्हणाला, "शेळ्यांना गुळाचा आवाडला. त्यो पार मातीपातुर चाटलाय."

"शेळ्यांना इचारून घर रंगवू का आता?" रायबा तडकला. त्याच्या मनात हिरवा ठाम बसला होता आणि दिवसेंदिवस लोक चिकाचंच बोलत होते, याचा त्याला राग येत होता. शेवटी तो म्हणाला, "भिंतींचं तू काय करायचं ते कर. पण खांब हिरवंच राहत्याल. पाटलानं हिरवा दिला तो काय येडा म्हणून? त्येंच्या घरचंच माणूस बोलावतो. पाटलीणबाईच सांगत्याल तुला."

कमळाबाई म्हणाली, "बोलवा."

पाटील तर धरणाच्या आधीच वारले होते. त्यांची बायको रतनबाई आता लेकाकडं कामथडीला राहायची. रायबानं नाथाला तट्टू देऊन पाठवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी रतनबाई तट्टावर बसून वर आल्या. सत्तरीच्या, अंगानं वाळलेल्या, पण आवाज अजून चौघांना उठवील असा. नेमकी आदल्याच दिवशी तांबडी गाय व्यायली होती. चिमाजी एका हातात चिकाची वाटी आणि दुसऱ्या हातात चुन्याचं मडकं घेऊन उन्हात बसला होता. कमळाबाई त्याला सांगत होती, "कालचा लई पिवळा व्हता. आजचा बघा. दुसऱ्या दिवसाचा. ह्यो."

रतनबाईंनी उंबरा ओलांडला आणि त्या थबकल्या. त्यांनी एकेक खांब पाहिला. सोप्यातला काळा पाहिला, चुलीपाशी जाऊन हिरवे पाहिले. मग त्या शेळ्यांच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथं शेंदरी खांब दिसल्यावर पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. कमळाबाईनं पाणी दिलं.

"अगं बया, माझा देव शेळ्यांत आणून ठिवलाय!"

रायबा ओशाळला. "सुताराची चूक हाय, पाटलीणबाई. आता रंग देऊन समदं सारखं करायचंय. तुमच्या घरचाच हिरवा द्यायचा म्हंतो मी. ही ऐकंना. तुमी सांगा हिला, ह्यो रंग कसा खानदानी हाय त्यो."

"हिरवा?" रतनबाई चुलीपाशी बसल्या आणि त्यांनी खांबावरचा एक टवका नखानं उडवला. "खानदानी कसला आलाय! आमच्या मामंजींनी जत्रंसाठी बैलगाडी रंगवली. रंग उरला. वाया कशाला घालवायचा म्हणून सोप्याला फासला. निम्म्यात संपला, म्हणून मागचं दोन खांब फिक्कं हायत, बघ. तीस वरसं मी गाडीतच बसल्यागत बसले त्या सोप्यात."

नाथाला हसू आवरेना. तो बाहेर गेला.

"मग तुमी कदी सांगितलं न्हाई?" कमळाबाईनं विचारलं.

"मला कुणी इचारलं, पोरी? कंचा रंग पायजे म्हणून बाईला इचारल्यालं मी आजच बघतीया." त्यांनी टवका उडालेल्या जागी उघड्या पडलेल्या लाकडावर बोट ठेवलं. "मी लगीन होऊन आले तवा हे असं व्हतं. नुसतं तेल दिल्यालं. लई ग्वाड दिसायचं."

रायबा सोप्यात जाऊन तिथल्या एका हिरव्या खांबाशी उकिडवा बसला. रतनबाई त्याच्या मागं आल्या.

"रायबा, तुला का रं एवढा हिरवा पायजे?"

रायबा जमिनीकडं बघत म्हणाला, "बाबासंगं तुमच्याकडं तूप घालाया यायचो मी. आमी अंगणात उभं राहायचो. तूप आत जायाचं, आमी भाइर. तितनं ह्ये हिरवं खांब दिसायचं. मला वाटायचं, आत लई गारवा आसंल."

कमळाबाई हे पहिल्यांदाच ऐकत होती. ती दारातच उभी राहिली. चिमाजीनंही मडक्यातली काडी फिरवायची थांबवली.

"तुला आत बोलवायला पायजे व्हतं," रतनबाई म्हणाल्या. "आमी न्हाई बोलावलं. चुकलंच ते." मग त्या त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "आता हितं बसलायस न्हवं? आतनं बघ बरं नीट, आन मग ठरव. तू म्हणशील ते."

रायबानं मान वर करून खांबाकडं पाहिलं. जवळून त्यावर टवके होते, ब्रशाचे ओघळ होते, एका ओघळात कधीकाळची माशी चिकटलेली होती. त्यानं बोट लावून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं.

"लांबनं बरा दिसत व्हता," तो शेवटी म्हणाला.

एवढं झाल्यावर कामाला वेळ लागला नाही. वस्तीतल्या सगळ्यांनी विळे-कोयते घेऊन खांब खरवडले. शेंदरी खांब खरवडताना नाथानं आधी नारळ फोडला आणि देवाला सांगितलं, की हे तुझ्या बऱ्यासाठीच चाललंय. खाली सगळं लाकूड सारखंच निघालं, मधासारखं. चिमाजीनं त्याला जवसाचं तेल चोळलं. भिंतींना दुसऱ्या दिवसाच्या चिकाचा रंग दिला. या वेळी मीठ घातलं नाही, डिंक घातला. कमळाबाई वाटी भिंतीला लावून हातभर अंतरावरून जुळणी बघत होती. दोनदा तिनं "किंचित पांढरा" म्हटलं आणि एकदा "वाईच जास्ती झाला". चौथ्या वेळेला ती काही बोललीच नाही, नुसती बघत राहिली. चिमाजीनं ओळखलं आणि घाईघाईनं सगळं मडकं संपवलं, न जाणो बाई पुन्हा बोलायची.

रायबासाठी दाराची बाहेरची बाजू हिरवी केली. हे कमळाबाईनंच सुचवलं. "लांबनं बरा दिसतोय न्हवं?" ती म्हणाली. "मग लांबनंच दिसू द्या."

आखितीला घरभरणी झाली. साऱ्या वस्तीनं पाय धुऊन उंबरा ओलांडला. आणि आत आल्यावर पंचाईत अशी झाली, की कुणी भिंतीला टेकेना. इतका उजळ, मऊ रंग. आपल्या अंगाची माती त्याला लागेल म्हणून सगळे सोप्याच्या मधोमध एकमेकांना चिकटून बसले. चाळीस माणसं दहा माणसांच्या जागेत. चारही बाजूंना मोकळी जमीन. म्हातारे अवघडले, तरी हलले नाहीत. जेवणं झाली तीही तशीच, एकाचं कोपर दुसऱ्याच्या पानात.

पाहुणे पांगले, भांडी झाली. चार दिवसांची दगदग कमळाबाईच्या अंगावर आता आली. ती सोप्यात आली, "आई गं" म्हणत खाली बसली आणि मागं भिंतीला डोकं टेकवून तिनं डोळे मिटले.

रायबा बघतच राहिला. "आगं, भिंत!"

ती दचकून उठली. भिंतीवर तिच्या केसांच्या तेलाचा, बंद्या रुपयाएवढा गोल डाग पडला होता. दोघं त्याच्यासमोर वाकून उभे राहिले. कमळाबाईनं पदरानं पुसायला हात पुढं केला आणि पुन्हा मागं घेतला.

"आता?" रायबानं विचारलं.

"आता काय," ती म्हणाली. "पडला तर पडला. बसा तुमी बी."

आणि ती पुन्हा त्याच जागी टेकून बसली. रायबा तिच्याशेजारी बसला. मग मुंडासं काढून मांडीवर घेतलं आणि पाठ हळूच भिंतीला लावून बघितली.