डूगलचं गुलाबी पाणी

डूगल रेनीचं सगळं आयुष्य पाणी गुलाबी करण्यात गेलं होतं. सदरलँडच्या किनाऱ्यावरच्या त्या लहानशा गावातला पोहण्याचा तलाव त्याच्या ताब्यात असे. रोज सकाळी काचेच्या कुपीत तलावाचं पाणी घ्यायचं, त्यात तपासणीची गोळी टाकायची, झाकण लावून हलवायचं. छान गुलाबी रंग आला की समजायचं, क्लोरीन आहे, पोरं खुशाल डुंबू देत. म्हातारपणी मूत्रपिंडांनी हात वर केले आणि डूगल डायलिसिसच्या खुर्चीत येऊन पडला, तर इथे सगळंच उलटं. तीच कुपी, तीच गोळी, पण पाणी गुलाबी झालं की सगळ्यांची पळापळ.

कारण साधं होतं. नळाचं पाणी आपण घटाघटा पितो, त्यातलं क्लोरीन पोटाला चालतं. रक्ताला चालत नाही. यंत्रात पातळ पडद्याच्या अलीकडे रक्त आणि पलीकडे पाणी, तेही एका बैठकीला पिंपभर. म्हणून मागच्या खोलीत नळाचं पाणी आधी कोळशाच्या टाक्यांमधून आणि मग बारीक गाळण्यांमधून काढायचे. सिस्टर सेंगा कोणालाही सुई टोचण्याआधी ते तपासायची. रंग आला नाही तरच यंत्रं सुरू.

डूगलचं खरं दुखणं मात्र मूत्रपिंडात नव्हतं. ते दुपारच्या पाळीत होतं आणि त्याचं नाव नेट्टा गन. डूगल सकाळच्या पाळीचा. तो हाताला पट्टी लावून निघायचा तेव्हा ही टॅक्सीतून उतरायची. दोघांची गाठ पडायची ती वजनकाट्यापाशी, आणि तिथे सेंगा दोघांची वजनं मोठ्याने वाचायची. आता बाईचे किलो कानावर पडत असताना तिला शनिवारी बंदरावर जेवायला येता का, असं कसं विचारायचं? बायको जाऊन बरीच वर्षं झालेल्या माणसाला तर मुळीच जमत नाही.

त्याने पाळी बदलून मागितली होती. सेंगा म्हणाली, "दुपारची खुर्ची दोनच कारणांनी रिकामी होते, डूगल. कोणाला नवं मूत्रपिंड मिळालं तर, नाहीतर कोणाला वरून बोलावणं आलं तर. तुम्ही कशासाठी देवाला साकडं घालताय?"

तेव्हा त्याच्या डोक्यात किडा वळवळला. गेल्या हिवाळ्यात खरोखरच पाणी गुलाबी झालं होतं. दुरुस्ती होईपर्यंत दुपार झाली, आणि मग जागा होती तिथे सकाळचे-दुपारचे सगळे शेजारी शेजारी बसले होते. एका सोमवारी डूगल तलावाच्या औषधाची, म्हणजे क्लोरीनची, कणभर पूड कागदात घेऊन आला. काट्याजवळच्या मोरीपाशी तपासणीच्या दोन कुप्या वाळत ठेवलेल्या असायच्या. ओल्या बोटाने त्याने दोन्ही झाकणांना आतून पुसटसा हात फिरवला. जास्त झालं तर रंगच उडतो, हे त्याला ठाऊक होतं. कलाकार होता तो आपल्या परीने.

पाणी गुलाबी झालं. सेंगाने दुसऱ्या कुपीत तपासलं, तेही गुलाबी. तिने यंत्रं थांबवली आणि इन्व्हर्नेसच्या मोठ्या इस्पितळाला फोन लावला. "दुरुस्तीचा माणूस तीनला येईल," ती म्हणाली. "तोवर अंगातलं पाणी निघणार नाही, म्हणून चहा अर्धा कपच. आणि दुपारच्या लोकांना कळवते, आज येऊ नका म्हणून."

डूगलचा चेहरा पडला. हे त्याच्या हिशोबात नव्हतं. बस चालवून निवृत्त झालेला रॉरी शेजारी बसून सकाळभर आपल्या बद्धकोष्ठाची कथा सांगत राहिला, आणि डूगलला वाटलं, देव आहे, आणि तो भलताच खट्याळ आहे.

पण नेट्टाला फोन लागलाच नाही. ती डोंगराआडच्या दरीत राहायची, आणि टॅक्सी आधीच निघाली होती. नेहमीपेक्षा जरा लवकरच दार उघडलं आणि डूगल ताठ बसला. ती नेमकी त्याच्याच शेजारच्या खुर्चीत येऊन टेकली. मागायला गेला एक डोळा आणि मिळाले दोन, अशी त्याची गत.

"नेट्टाबाई, शनिवारी—"

"जरा... थांबा," ती म्हणाली. "श्वास... घेऊ द्या."

तेव्हा त्याने नीट पाहिलं. पाय सुजून बुटांच्या वर आले होते. ओठ फिकट. शुक्रवारनंतर आजच तिची पाळी, तीन दिवसांचं पाणी अंगात साठलेलं. सेंगाने तिच्या पाठीला नळी लावून ऐकलं आणि हळूच म्हणाली, "तीनपर्यंत नाही थांबता येणार. रुग्णवाहिका मागवते, इन्व्हर्नेसला न्यायला."

तो रस्ता डूगलला ठाऊक होता. दोन तासांचा, आणि सगळा वळणांचा. बोललो तर हिच्यासमोर शोभा होणार, आणि नाही बोललो तर हिचंच काही तरी होणार.

"सिस्टर, पाणी चांगलं आहे," तो म्हणाला. "झाकणांना औषध मी लावलं."

सेंगाने हातातला फोन खाली ठेवला.

"कशासाठी?"

डूगलने नेट्टाकडे बोट केलं.

"सकाळी फसवणाऱ्याचं दुपारी खरं मानू होय?" सेंगा म्हणाली. तिने पाकीट फोडून नव्या कुप्या काढल्या, टाक्यांपाशी जाऊन पाणी घेतलं, तपासलं, पुन्हा तपासलं. दोन्ही वेळा रंग नाही. इन्व्हर्नेसला फोन करून माणसाला परत पाठवलं आणि सगळ्यात आधी नेट्टाला सुई लावली.

"म्हातारचळ लागलाय याला," रॉरी म्हणाला. "माझा आख्खा सोमवार खाल्ला." बाकीचेही बोलले, आणि डूगलने ते सगळं ऐकून घेतलं. त्याला सेंगाने शेवटी बसवलं, तोवर बाकीचे त्याच्यापासून दूरच्या खुर्च्या धरून बसले होते, आणि उरली ती नेट्टाशेजारची.

चार तास ती भिंतीकडे तोंड करून झोपली, की झोपेचं सोंग केलं, देव जाणे. हवी ती जागा मिळून डूगल इतका दुःखी कधी झाला नव्हता.

तिचं आटोपलं. सुया निघाल्या आणि सेंगाने तिच्या हातावर कापसाचा बोळा ठेवला. तो दहा मिनिटं दाबून धरायचा, नाहीतर रक्त थांबत नाही. सगळे आपला आपण धरतात. नेट्टाने खुर्ची जरा सरकवली, सेंगाकडून एक हातमोजा मागितला आणि तो डूगलच्या मोकळ्या हातापुढे धरला.

"घाला," ती म्हणाली. "आज बोटांत जोर नाही माझ्या, आणि तो कोणामुळे नाही ते सगळ्यांना ठाऊक आहे. दाबून धरा."

त्याने धरलं. बोटांखाली तिची नस धडधडत होती.

"शनिवारी काय म्हणत होता?"

"बंदरावर... मासळीचं सूप चांगलं मिळतं."

"सूप? आपण दोघांनी?" ती म्हणाली. "दिवसभराचं पाणी एका वाटीत संपेल. कोरडं काहीतरी बघा. आणि हलू नका, रक्त येईल."

डूगल हलला नाही. दहा मिनिटं झाली, सेंगा येऊन पाहून गेली, आणि तरीही तो हलला नाही.