शून्य प्रवासी ऑनलाइन

आकुर्डीच्या ऑफिसात ज्ञानेशने रुमालाने कॉम्प्युटरचा पडदा पुसून पाहिला. शून्य तिथेच होतं.

बाकी सगळं हिरवं होतं. पुण्याहून दिल्लीला निघालेलं विमान नाशिक ओलांडून गेलं होतं. त्याच्या पाठीवरची अँटेना उपग्रहाला नीट धरून होती आणि इंटरनेट विमानापर्यंत झकास पोचत होतं. फक्त ते वापरायला कोणी तयार नव्हतं. खास चाचणीसाठी विमानभर माणसं बसवली होती, काही विमान कंपनीची, काही ज्ञानेशच्या कंपनीची. तरी अर्धा तास झाला, ‘ऑनलाइन प्रवासी’ या शब्दांपुढचा आकडा हलत नव्हता.

त्या माणसांत विमान कंपनीचे मोठे साहेब, दिग्विजय मोहिते, स्वतः बसले होते. आधीच्या एका कंपनीला हे विमानातलं वायफाय जमलं नव्हतं, म्हणून काम आकुर्डीच्या या छोट्या कंपनीकडे आलं होतं. देताना मोहित्यांनी स्पष्ट बजावलं होतं की याही वेळी फसलं तर हा नादच सोडून देऊ. तसं झालं तर ज्ञानेशच्या टीमची दोन वर्षं पाण्यात जाणार होती आणि टीमही मोडणार होती.

मालक दादासाहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. चिखलीचे जुने रहिवासी. धंदा विमानांपर्यंत पोचला तरी बोलणं गावातच राहिलं होतं.

“अँटेना बिघडली म्हनायचं,” ते हळूच म्हणाले. “ती काय आपन बनवल्याली न्हाई.”

“अँटेना ठणठणीत आहे, दादा.”

“व्हय रे. पर वर जाऊन बघतंय कोन?”

खोटं कशाला बोला, क्षणभर ज्ञानेशलाही मोह झाला. बिघाड कुठे आहे हे ठाऊक नसताना दुसऱ्याच्या दारात ढकलण्याइतकं सोपं काही नसतं.

तेवढ्यात स्वप्नाली दारात आली. तिकिटांपासून चहापावडरीपर्यंत ऑफिसचा सगळा कारभार तिच्याकडे होता. लातूर सोडून सात-आठ वर्षं झाली होती, पण घाबरली की तिच्या तोंडी लातूरच यायचं. तिने आपला मोबाइल अंगापासून लांब धरला होता.

“सर, सायबर पोलिसांना फोन लावू का? माझ्या खात्यात कोणीतरी घुसू लालंय. ओटीपीवर ओटीपी येऊ लालेत. पण मी एकही कुणाला सांगितला नाही.”

शेवटचं वाक्य तिने जरा अभिमानानेच म्हटलं.

ज्ञानेशने फोन हातात घेतला. एकामागून एक ओटीपी, आणि सगळे त्यांच्याच विमानातल्या वायफायने पाठवलेले. लॉगिन करणाऱ्या प्रवाशाचा ओटीपी जायचा तो तिकिटावरच्या नंबरावर. त्याने कपाळाला हात लावला.

“स्वप्नाली, या विमानाची तिकिटं तूच काढलीस ना? मोबाइल नंबर कोणाचा टाकलास?”

“माझाच. नेहमीसारखा. सगळ्यांचे नंबर कोण गोळा करत बसणार?”

तिची काहीच चूक नव्हती. ग्रुपची तिकिटं काढताना सगळेच असं करतात. आणि प्रत्येकाचा स्वतःचा नंबर असता, तरी काय फरक पडणार होता? ढगांच्या वर मोबाइलला रेंज कुठली? ऑफिसातल्या चाचण्यांत सगळ्यांचे फोन टेबलावर फुल रेंजमध्ये असायचे, ओटीपी टुणकन यायचा. फोन एकदा फ्लाइट मोडवर टाकून बघावं, हे टीममधल्या एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं. ज्ञानेशलाही नाही.

“ज्योतीराम,” त्याने पलीकडच्या टेबलावरच्या पोराला हाक मारली, “लॉगिनमधून ओटीपी काढ. सीट नंबर आणि आडनाव विचार, बास.”

“आत्ता? सर, परवानगी लागेल.”

“मी देतोय. कर.”

ज्योतीरामची बोटं चालली. शून्याचा एक झाला. मग चार. मग आकडा असा पळत सुटला की वाचता येईना. मागे कोणीतरी शिट्टी मारली. ज्ञानेशने पाण्याची बाटली उचलली आणि एका दमात संपवली. त्याला अगदी लहान मुलासारखं रडावंसं वाटत होतं.

फोन वाजला. विमानातून मोहित्यांचा व्हॉट्सॲप: ‘आता लागलं. अर्धा तास काय झालं होतं?’

दादासाहेबांनी खांद्यावरून वाचलं. “अँटेना,” ते पुटपुटले. “आता तर चालू बी झालंय. कोन इचारतंय?”

ज्ञानेशने टाइप केलं: ‘सर, चूक आमची. प्रवासी हवेत असताना आम्ही त्यांच्याकडे मोबाइलवर येणारा ओटीपी मागत होतो. कोणालाच मिळाला नाही. आता काढून टाकलाय.’ दादासाहेबांचा हात पुढे येण्याआधी त्याने ते पाठवून दिलं.

उत्तर लवकर येईना. दादासाहेब उठून खिडकीपर्यंत गेले आणि परत आले.

मग आलं. ‘मागच्या कंपनीने अँटेना बिघडल्याचं सांगितलं होतं. आम्ही ती बदलली. वर्ष गेलं, वायफाय लागलंच नाही.’

आणि लगेच दुसरा: ‘बाकीची विमानं कधीपासून हाती घ्याल?’

दादासाहेबांनी चष्मा लावून दोन्ही मेसेज परत वाचले.

“सोमवारपासून म्हन,” अखेर ते म्हणाले, आणि खुर्ची उचलून जागेवर ठेवून आले.