सात नंबरच्या शेजारची फुली

मामाने जेवणाचं टेबल ओल्या फडक्याने पुसलं, मग कोरड्या फडक्याने पुसलं, आणि तेव्हा कुठे भाचीला नकाशा पसरू दिला. घरात इकडची काडी तिकडे न करणारा हा माणूस कागदाखाली मात्र थेंबभर पाणी खपवून घेत नसे. "माझ्या साडीपेक्षा त्या कागदाची काळजी जास्त," मामी ओट्यापाशी पुटपुटली. तिला उत्तर द्यायचं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मामा-भाचीचा धंदा एकच. जमिनीखाली तेल धरून ठेवणारी वाळू कुठे आहे ते ओळखायचं आणि तेलविहीर कुठे मारायची ते सांगायचं. मामाने ऐन उमेदीत सात नंबरची विहीर सुचवली, आणि ती कोरडी निघाली. नुसता चिखल. तेव्हापासून वाळूच्या जाडीच्या प्रत्येक नकाशावर त्या जागी शून्य छापलं जाई आणि ऑफिसात मामाला शून्यसाहेब म्हणत. निवृत्त होईपर्यंत त्याला खडकांच्या नमुन्यांच्या गोदामात बसवून ठेवलं होतं. तो सगळं हसण्यावारी न्यायचा. घरी आला की मात्र बराच वेळ बूट काढायचा नाही, तसाच बसून राहायचा.

आणि आता भाचीला त्याच भागात नवी विहीर हवी होती. उद्या बैठक. ही विहीर फसली तर कंपनी तो भाग सोडून देणार आणि भाचीलाही तसंच एखादं नाव चिकटणार. 

"एवढी पृथ्वी पडलीय," तो म्हणाला, "तुला माझ्याच शेजारी कडमडायचंय?"

"आधी बघ तरी."

तिने कागदाच्या तीन लांब पट्ट्या मांडल्या. विहिरीत उपकरण सोडलं की ते वर येता येता अशी रेघ काढतं: वाळू असली की रेघ डावीकडे जाते, चिखल असला की उजवीकडे. विहिरींचे नंबर तिने मुद्दाम कापून टाकले होते. मामाने चष्मा न लावताच मधल्या पट्टीवर बोट ठेवलं.

"सात. नंबर कापून मला फसवतेस होय गं? स्वतःचं पोर पाठमोरं दिसलं तरी ओळखू येतं."

"काय दिसतं तिच्यात?"

"चिखल. वरपासून खालपर्यंत."

"अगदी खालपर्यंत?"

अगदी तळाशी रेघ एकदम डावीकडे उडी मारून परत फिरली होती. "तो दीड मीटर? त्याला कोण विचारतो? सगळ्यांनी शून्य धरलं. मीही धरलं."

भाचीने तिन्ही पट्ट्या वरच्या कोळशाच्या थराशी जुळवल्या. हा थर त्या भागात सगळीकडे सपाट पसरलेला होता, म्हणून त्याच्यापासून खाली मोजायचं. शेजारच्या तीन आणि पाच नंबरच्या विहिरींच्या पट्ट्यांत वाळूचा तळ जवळपास एकाच पातळीवर आला. सातमध्ये तो सगळ्यात खोल होता.

"सगळ्यांनी हा पुराचा चिखल मानला, पण तो नुसता पसरतो, मामा, असं खोदत नाही. इथे नदी वाहत होती. मग तिने वळण तोडलं आणि ती सरळ निघून गेली. मागे राहिलेल्या डबक्यात चिखल साचला. तू बरोबर नदीच्या पात्रातच विहीर मारलीस. पण वाळू तिने वळणाच्या आतल्या काठावर टाकली होती, पाच नंबरच्या बाजूला."

मामाने पट्ट्या बाजूला सारल्या. मग बोलला तो परक्यासारखा.

"माझी दया येऊन नकाशा काढला असशील तर आत्ताच गुंडाळ."

"दया आली असती तर रविवारी कशाला छळायला आले असते?"

मग त्याने तिला धारेवर धरलं. पात्र कशावरून? वळण याच बाजूला कशावरून? कोळशाचा थर सगळीकडे तोच कशावरून? मामीने ठेवलेल्या चहावर साय धरली. भाची एकेका प्रश्नाला पुरून उरली, आणि शेवटी मामाने चष्मा लावून नकाशा पुढे ओढला.

जुन्या नकाशात वाळू पाचपासून सातपर्यंत उतारासारखी कमी कमी होत शून्यावर येई. भाचीच्या नकाशातल्या जाडीच्या रेषा वेगळंच सांगत होत्या. वाळू सातच्या दिशेने जाड होत जाई आणि अगदी पात्राच्या काठाशी कड्यासारखी तुटे. नकाशा देखणा होता. पण नव्या विहिरीची लाल फुली त्या जाड वाळूवर नव्हती, पाच नंबरला चिकटून होती.

मामाला ते दिसलं. तो काहीच बोलला नसता तरी चाललं असतं. पाचजवळ वाळू होतीच. तिथलं तेल पाच नंबरने केव्हाच ओढून घेतलं असलं तरी थोडंफार हाती लागलंच असतं, आणि पोरीला कुणी नावं ठेवली नसती. सकाळपासून त्याला एवढंच तर हवं होतं. त्याने गार चहा एका घोटात संपवला.

"ही फुली कुणी काढली?"

"मी."

"तू नाही. तुझ्या भीतीने. रेषा एक सांगतात आणि फुली भलतंच. रेषांवर भरवसा नसेल तर सगळंच पुसून टाक."

भाचीने मान खाली घातली. "तुझ्या विहिरीच्या इतक्या जवळ जायची हिंमत झाली नाही रे, मामा."

ओट्यापाशी भांड्यांचा आवाज थांबला. मामाने खोडरबर घेतलं, फुली पुसली, कागदावरचा भुगा फुंकला. मग लाल पेन्सिल उचलली. नवी फुली त्याने सातच्या अगदी शेजारी काढली.

"इथे. कोरड्या विहिरीला एवढं खेटून का, असं उद्या विचारतील. कचरू नकोस. सांग, ती कोरडी निघाली म्हणूनच."

भाचीने त्याच्या हातातून खोडरबर घेतलं. सातजवळचं शून्य पुसलं आणि तिथे दीड लिहिलं.

मामा त्या आकड्याकडे पाहत राहिला. "म्हणजे मी नदीतच होतो," तो म्हणाला.

"टेबल मोकळं करू का आता?" मामीने विचारलं.

"थांब," मामा म्हणाला. "जरा बघू दे."