मागच्या बाकाची रस्सीखेच

चित्रपटाला पंचवीस वर्षं झाली म्हणून एका थिएटरने रविवारी दुपारी त्याचा खास खेळ ठेवला आणि त्यात काम केलेल्या सगळ्यांना बोलावलं. नायक-नायिका आता फार मोठे झाले होते. त्यांनी फुलांचे गुच्छ पाठवून काम भागवलं. प्रत्यक्ष आले ते ढापणी आणि जाड्या. शिवाय काठी टेकत आलेले म्हातारे दिग्दर्शक.

ढापणी हे तिचं चित्रपटातलं नाव. जाड भिंगांचा चष्मा लावून ती मागच्या बाकावर बसायची आणि तिला मोजून चार वाक्यं होती. पुढे तिने सिनेमाचा नाद सोडला, ड्रायव्हिंग स्कूल काढलं, नवऱ्याशी पटेना तेव्हा काडीमोड घेतला, एकटीने मुलगी वाढवली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. मग तिनेच ते गाड्यांवर ठसठशीत रंगवून घेतलं : ‘ढापणी ड्रायव्हिंग स्कूल’. लोक वाचून हसत आणि शिकायला तिच्याकडेच येत.

जाड्या आता पोहायला शिकवायचा आणि पार वाळला होता. थिएटरच्या दारात तिने त्याला आधी ओळखलंच नाही.

“अरे, अर्धा घरी ठेवून आलास का?”

“पाण्यात विरघळला,” तो म्हणाला. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे तिच्या कानावर होतं. आत गेल्यावर तिने त्याला आपल्याजवळ बोलावलं. आपल्या शेजारच्या खुर्चीवरची पर्स तेवढी उचलून तिने मांडीवर घेतली.

पलीकडे तिची मुलगी बसली होती. ती स्वतः कॉलेजात होती आणि आईचा हा पराक्रम पहिल्यांदाच बघत होती. गोष्ट साधी होती. कॉलेजातली सर्वांत ढ तुकडी बंद करायचं ठरतं. हुशार तुकडीला रस्सीखेचीत हरवलंत तर राहा, असं प्राचार्य चेष्टेने म्हणतात आणि ही पोरं ते मनावर घेतात. त्यातच नायकाचा जीव जडतो हुशार तुकडीच्या कॅप्टनवर.

लोक जुन्या विनोदांवर नव्याने हसत होते. मध्यंतरात मुलगी म्हणाली, “मैत्रीण सांगत होती, शेवटी ती कॅप्टन मुद्दाम दोर सोडते. त्याच्यावर प्रेम असतं म्हणून. मग तुम्ही जिंकलात कुठे, आई?”

“हेच मी तेव्हा विचारलं होतं. दिग्दर्शक म्हणाले, चष्मा सरळ कर आणि उभी राहा.”

मध्यंतरानंतर चित्र सुरू झालं, पण आवाज येईना. ऑपरेटरने बरीच खटपट केली आणि खाली येऊन सांगितलं, चित्र दिसेल, आवाजाचं काही खरं नाही. लोकांची चुळबुळ सुरू झाली. दिग्दर्शक माफी मागायला उठले.

“सर, बसा तुम्ही,” ढापणी म्हणाली. “चित्र चालू ठेवा. आवाज आम्ही देतो.”

“कोण आम्ही?” जाड्याने विचारलं.

“तू आणि मी. शूटिंगभर नुसते उभे तर होतो मागे. सगळ्यांचीच वाक्यं पाठ झाली होती की नाही?”

त्याला नाही म्हणता येईना. पडद्याच्या कडेला दोघं माईक घेऊन उभे राहिले. ती कॅप्टन झाली, घोगरा आवाज काढून प्राचार्य झाली, कँटीनवाल्या मावशी झाली. तो नायक झाला आणि खेळाचे मास्तरही. एकदा त्याने चुकून मास्तरांच्या आवाजात नायकाच्या प्रेमाची कबुली दिली, तेव्हा थिएटर हसून लोळलं. चुळबुळ कुठल्या कुठे गेली.

मग रस्सीखेच आली. पडद्यावर दोराच्या टोकाला कमरेभोवती दोर घेतलेला गलेलठ्ठ जाड्या होता, त्याच्यापुढे ढापणी. दोर ताणला गेला. कॅप्टनची बोटं उघडली, दोर निसटला, ढ तुकडी एकमेकांच्या अंगावर कोसळली. कॅप्टन नायकाजवळ आली. आता तिचं प्रसिद्ध वाक्य होतं : ‘तुझ्यासाठी हरले.’ प्रेक्षकांतले काहीजण ते आधीच पुटपुटू लागले.

पडद्यावरचे ओठ हलले आणि ढापणी म्हणाली, “हात सुटले माझे. मी सोडले नाहीत. ओढलंत तुम्ही, आणि चांगलं ओढलंत.”

जाड्याने पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघितलं. नायक उत्तर द्यायला तोंड उघडतच होता.

“ते मला माहीत होतं,” जाड्या नायकाच्या आवाजात म्हणाला. “टोकाला आमचा जाड्या होता.”

लोकांनी टाळ्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. पुढची दोन वाक्यं कुणाला ऐकूच आली नाहीत.

खेळ संपल्यावर दिग्दर्शक काठी टेकत तिच्याजवळ आले. “तुम्ही माझा शेवट बदललात.”

“हो, सर.”

दिग्दर्शकांनी मान डोलावली. “बरा झाला. तेव्हाच कुणाला तरी सुचायला हवं होतं.”

“सुचलं होतं,” मुलगी म्हणाली. दिग्दर्शक मनापासून हसले आणि ढापणीचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

बाहेर मुलगी मैत्रिणींकडे निघून गेली. जाड्या बस स्टॉपकडे वळला. गाडी का नाही आणलीस, असं ढापणीने विचारलं, तर म्हणाला, “येते कुठे चालवायला? या वयात जमेल?”

“जमेल. पण शिकवताना मी फार ओरडते.”

“चालेल. मीही ओरडतोच पोरांवर. निदान ती बुडताना तरी.”

पुढच्या रविवारी तो आला. पहिल्याच फेरीत त्याने गाडी भर चौकात बंद पाडली. मागे हॉर्नचा गदारोळ उठला. त्याचे कान लाल झाले.

“आता काय करू?”

“काही नाही. त्यांना वाजवू दे. किल्ली फिरव.”

त्याने किल्ली फिरवली. गाडी एक हिसका देऊन निघाली आणि चौक पार झाला. ती खिडकीवर हात टाकून निवांत बसली.

“डावीकडे घे.”

“तिकडे काय आहे?”

“माझं घर. चहा घेऊ, मग तुला रिव्हर्स शिकवते.”