उसवलेली लोकर

पिवळ्या लोकरीचा तो स्वेटर ज्योत्स्नानं सप्टेंबरात सुरू केला, तेव्हा त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नव्हतं. तरीही तिनं तो लपवला होता.

तिची धाकटी बहीण चंदा अकोल्याला दिलेली. तिला पाचवा लागला होता, बाळ फेब्रुवारीत येणार होतं. ज्योत्स्ना अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. फेब्रुवारी म्हणजे प्रॅक्टिकल परीक्षा, त्यातच मुलीची, अपेक्षाची, दहावी. बाळ झाल्यावर विणायला बसलं तर बारशापर्यंत एक बाहीसुद्धा व्हायची नाही. म्हणून आधीच सुरुवात केलेली बरी, इतका साधा विचार होता.

विणायला वेगळा वेळ असा नव्हताच. कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर दोन ओळी व्हायच्या. अपेक्षाच्या गणिताच्या क्लासबाहेर स्कूटीवर बसल्या बसल्या चार. कॉलेजात ऑफ तास मिळाला आणि स्टाफरूममध्ये कोणी बोलायला आलं नाही, तर बऱ्याच. नवरा सागर एकदा म्हणाला, "बाजारात तीनशेले भेटते वं असं."

"भेटते," ती म्हणाली आणि टाके मोजत राहिली.

स्वेटर एरवी पापडांच्या रिकाम्या डब्यात असायचा. अपेक्षाच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, आणि मावशीशी व्हिडिओ कॉलवर ती रोज बोलायची. तिच्या तोंडून चंदाच्या सासूच्या, माणिकबाईंच्या, कानावर जायला नको होतं. माणिकबाईंनी घरात सांगूनच ठेवलं होतं, बाळ हातात येईपर्यंत त्याच्या नावानं एक चिंधीही करायची नाही, आणायची नाही. चालरीत पुष्कळांकडे असते, पण माणिकबाईंच्या बोलण्याला धार होती. दोन वर्षांपूर्वी चंदानं चौथ्या महिन्यातच हौसेनं झबली आणली होती. पाचव्यात सगळं संपलं. झबल्यांमुळे झालं असं माणिकबाई कधी उघड म्हणाल्या नाहीत. पण ती पिशवी त्यांनी कोणाला दिली, कुठे टाकली, हे चंदाला विचारता आलं नाही.

ज्योत्स्ना मुलांना शिकवायची, की एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही. ती हे फार छान शिकवायची.

डिसेंबरात एका सकाळी, स्टाफरूममध्ये दुसरी बाही जोडायची म्हणून तिनं स्वेटर पिशवीतून काढला आणि चंदाच्या नवऱ्याचा, किशोरचा, फोन आला.

"ताई, चंदाचं बीपी लय वाढलं होतं काल. सिझर केलं. मुलगी झाली."

"आता?" ज्योत्स्नाला आकडेमोड करावी लागली नाही. आठवा नुकता लागला होता. "चंदा कशी आहे?"

"ते बरी हाये. पोरगी काचेत हाये. दीड किलोची बी नाई भरली." किशोरचा आवाज मध्येच बसला. "नर्स टोपी मांगून राहिली, ताई. डोक्यातूनच सारी गरमी जाते म्हनते. म्या बाजारातून दोन आनल्या. दोनी नाकाखाली येतेत."

"डोकं केवढं आहे?"

"संत्र्याएवढं. म्हनजे मोठं संत्रं."

"किशोरभाऊ, असं नाही. नर्सला दोऱ्यानं मापायला सांगा. कपाळावरून, कानांच्या वरून. तो दोरा पट्टीवर ठेवा आणि मला सेंटिमीटर सांगा."

तो आकडा सांगेपर्यंत ती बसस्टँडवर पोचली होती. उद्याच्या प्रॅक्टिकलच्या तासाचं काय, हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. अकोल्याच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. बडनेरा मागे पडल्यावर तिनं पिशवी उघडली. स्वेटरचा गळा चापून बसवलेला, कडेला दोन सुलट दोन उलटची पट्टी, सगळं मनासारखं. तिनं गळ्याच्या कडेचं शेवटचं टोक शोधलं आणि ओढलं.

शेजारी पन्नाशीची एक बाई बसली होती, मांडीवर स्टीलचा डबा. ती थोडा वेळ बघत राहिली.

"अगं बाई! इतना अच्छा स्वेटर, काहून उसवून राहिली?"

"टोपी करायची आहे. भाची झाली. दिवस भरायच्या आधी."

"या अल्ला." बाईनं डबा पायाशी ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. "लाव इथं, गुंता होईन नाईतर." ज्योत्स्ना उसवत गेली, बाई हातांवर लोकर गुंडाळून घेत गेली. तिनं नाव सांगितलं, सुरैय्या. बाळापूरची. "माहा मोहसीन सातव्याचाच. तवा कुठी काच अन् फिच? सासूनं कापसात गुंडाळून ठेवला. निस्तं नाक दिसे. आता रिक्षा चालवते अन् दोन मानसाचं खाते. मी म्हनते, बेटा, वापस कापसात जा, खर्च तरी वाचन."

ज्योत्स्ना हसली. हसताना हात थांबला नाही. पुढचा भाग उसवून झाला. टोपीला तेवढी लोकर पुष्कळ होती, विणणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. तिनं पाठ धरली. पाठ झाल्यावर बाही. मग दुसरी बाही, जी अजून जोडलीसुद्धा नव्हती.

"सगळाच?" सुरैय्यानं विचारलं.

"हो."

आता ओढताना तिच्या ध्यानात आलं, की आपण घाई करतोय. मूर्तिजापूर यायच्या आत स्वेटर म्हणावं असं काही उरता कामा नये, अशी घाई. चंदाचं बीपी वाढलं ते बाळाला पोसणाऱ्या वारेतल्या रक्तवाहिन्यांमुळे. ती आकृती ती दर वर्षी फळ्यावर काढत होती. लोकरीचा त्या आकृतीत कुठेही संबंध नव्हता. आणि तिची बोटं एकेक ओळ अशी सोडवत होती, जणू ती ओळ नाहीशी झाली की ती घातल्याचाही दिवस नाहीसा होईल.

मूर्तिजापूरला तिनं टोपीचे टाके घातले. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी झाली होती, सुईवर नीट बसेना. बोरगाव मंजूपर्यंत दोन बोटं पट्टी झाली. अकोल्याला उतरताना सुरैय्यानं लोकरीचे गुंडे पिशवीत घातले आणि वर हात ठेवला. "होईन सारं बरोबर. जा तू."

दवाखान्यात किशोर दारातच उभा होता, दाढी वाढलेली, हातात औषधांची पिशवी. लहान बाळांच्या खोलीत फक्त आईला आणि बापाला सोडत होते. काचेतून ज्योत्स्नाला एवढंच दिसलं: नळ्या, एक दिवा, आणि त्याखाली हाताच्या पंजाएवढं काहीतरी तांबूस, भराभर वरखाली होणारं. डोक्याला गॉजची घडी गुंडाळलेली होती.

चंदा वॉर्डात पडली होती. चेहरा सुजलेला. ताईला पाहिल्यावर तिनं उठायचा प्रयत्न केला नाही, नुसता हात धरला.

"पाहिली?"

"पाहिली. श्वास चांगला घेते आहे."

"ताई, ह्या वेळी म्या काईच आनलं नव्हतं." चंदा हळू बोलत होती, शेजारच्या खाटेवर ऐकू जाऊ नये म्हणून. "एक रुमाल नाई. दुकानासमोरून जाताना बी पाहत नव्हती. सारं सासूबाईच्या मनासारखं केलं. मंग काहून झालं?"

ज्योत्स्नाकडे याचं उत्तर होतं. बीपी, वार, रक्तपुरवठा. ते सगळं तिनं सांगितलं, सोप्या शब्दांत, कुठेही न अडखळता. चंदानं मान हलवली. ज्योत्स्नाच्या खांद्याला अडकवलेली पिशवी चंदाच्या खाटेला टेकत होती. तिनं ती काढून स्वतःच्या मागे, भिंतीकडे ठेवली.

सुया हातात घेऊनच ती वॉर्डाबाहेर आली. माणिकबाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. पायाशी जुन्या कपड्यांचं गाठोडं होतं, आळीतल्या लेकरांचे उतरलेले अंगरखे, मऊ धुवट लुगड्याचे तुकडे. सकाळपासून दारोदार फिरून जमवलेलं. त्यातला एकही अंगरखा त्या पोरीला बसणारा नव्हता. एकेकात तिच्यासारख्या तीन मावल्या असत्या.

"ये, मास्तरीनबाई," त्या म्हणाल्या. "बस. उभ्यानं काहून विनतं?"

ज्योत्स्ना बसली. विणू लागली. माणिकबाई सुयांकडे बघत होत्या. नंतर त्या वाकल्या आणि पिशवीतून येणारा धागा दोन बोटांत धरला. सोडला. पुन्हा धरला.

"हे लोकर वाकडी काहून?"

ज्योत्स्नाचे टाके चुकले. तिनं ते मागे घेतले.

"उसवलेली हाये न?"

"हो, मावशी."

माणिकबाईंनी पिशवीचं तोंड रुंद केलं. आत कुरळ्या लोकरीचे गुंडे एकावर एक. "एका टोपीले एवढी?"

किशोर समोरून आला, नर्सनं काय सांगितलं ते सांगायला. आईचं तोंड पाहिलं आणि तसाच औषधांच्या खिडकीकडे वळला.

"काय व्हतं हे?"

"स्वेटर."

"कवा धरला हाती?"

"पाचव्यात." ज्योत्स्नाचा आवाज तिला स्वतःलाच वर्गातल्यासारखा वाटला, कोरडा. तो तसाच ठेवून ती म्हणाली, "चंदाले काहीच माहीत नाही. तिनं तुमचं सगळं ऐकलं. काय बोलायचं ते मले बोला. तिले बोलू नका, मावशी."

माणिकबाईंनी एक गुंडा उचलून पाहिला, परत ठेवला. दूर कुठेतरी स्ट्रेचरची चाकं करकरत गेली.

"अन् उसवला काहून?"

"टोपीसाठी."

"टोपीले म्होरचा भाग पुरला असता. म्या काय विनलं नाई जन्मात?" त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "सारा काहून उसवला?"

ज्योत्स्नानं तोंड उघडलं. वारेच्या रक्तवाहिन्या तिच्या जिभेवर होत्या, पण त्या या प्रश्नाचं उत्तर नव्हत्या. "भेव वाटलं," ती म्हणाली.

"तुले?"

"मले."

"बाप्पा." माणिकबाईंच्या तोंडून हसल्यासारखा आवाज आला, पण ते हसू नव्हतं. त्यांनी पदरानं डोळे पुसले, आधी एक, मग दुसरा. "मले वाटे, मीच एकली भेते ह्या घरात. तुमी शिकलेल्या. चंदी बी बोलत नाई, किशोर मोबाइल पाहते. रोज रात्री मी देवाजोळ उभी राहो, अन् मनात म्हनो, ह्याईले कोनाले काईच कसं वाटत नाई?"

"वाटत होतं, मावशी."

"मंग सांगा न बापा." मग पिशवीतला एक गुंडा त्यांनी मांडीवर घेतला, त्याचा धागा मोकळा केला आणि बोटांमध्ये ताणून सरळ करत ज्योत्स्नाच्या हाताकडे सोडू लागल्या. "तसंबी पयलं जुनंच घालतेत लेकराले. उसवली म्हनजे जुनीच झाली हे. विन लवकर."

टोपी दुपार कलताना पुरी झाली. नर्सनं ती गरम पाण्यातून काढायला लावली, किशोरनं गच्चीवरच्या उन्हात ती हातात धरून वाळवली, कारण वारा होता आणि चिमटा नव्हता. नर्स आत घेऊन गेली. तिघं काचेपाशी उभी राहिली. गॉज निघालं, टोपी आली, आणि नर्सनं मान हलवली. एक कान बाहेर राहत होता.

"माप तर बरोबर दिलं होतं!" किशोर म्हणाला.

"माप बरोबर होतं," ज्योत्स्ना म्हणाली. "मी लोकर ताणून विणली. धुतल्यावर ती आक्रसली." तिला बरं वाटलं, ही चूक समजण्यासारखी होती.

नर्सनं टोपी परत आणून दिली. "थोडी मोठी करून द्या ताई. तोवर गॉज आहे. पण आज पाहिजे." मग पुढचंही बोलली, सरावाच्या आवाजात. वजन अजून उतरेल, पहिले काही दिवस असेच जातात, डॉक्टर संध्याकाळी सांगतील.

ज्योत्स्नाला प्रॅक्टिकलची आठवण झाली. तिनं मोबाइल काढला, विभागप्रमुखांना दोन ओळी पाठवल्या: बहिणीजवळ आहे, उद्या येऊ शकत नाही, क्षमस्व. उत्तराची वाट न बघता मोबाइल पालथा ठेवला. बाकावर बसून तिनं टोपीची शिवण सोडली.

"किती वाढवतं?" माणिकबाईंनी विचारलं.

"आठ टाके."

"दहा घाल. वाढन ते."

ज्योत्स्नाची सुई थांबली. माणिकबाईंनाही आपण काय बोललो ते उमगलं असावं. त्यांनी पटकन काचेकडे पाहिलं. दिव्याखाली ते तांबूस तसंच वरखाली होत होतं.

"आठच घाल," त्या म्हणाल्या. "आज लागते तेवढंच."

ज्योत्स्नानं नऊ घातले. माणिकबाईंनी मोजले, आणि धागा सोडत राहिल्या.