काखेतल्या गाठीत राहणारी मी

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. जुनी म्हणजे तुमच्या शाळेच्या इमारतीइतकी नव्हे. मी जिच्या अंगात राहते ती कादंबरी नावाची मुलगी आता कुठे सहा वर्षांची झाली आहे आणि मी तिच्यापेक्षाही थोडी लहानच. पण आमच्यातल्या बहुतेक जणी जन्मल्यावर काही दिवसांतच संपतात. त्या मानाने मी म्हातारी झाले. सध्या माझा मुक्काम कादंबरीच्या डाव्या काखेत, एका इवल्याशा गाठीत आहे. अशा गाठी प्रत्येकाच्या अंगात असतात, एरवी हाताला लागत नाहीत इतकेच. बाहेरचे मला दिसत नाही. पण काख कानापासून फार लांब नसते, त्यामुळे ऐकू सगळे येते.

माझा जन्म हाडाच्या आतल्या मऊ मगजात झाला. तिथे प्रत्येकीला वेगळे हात मिळतात. कासार हाताचे माप बघून बांगडी भरतो ना? आमचे उलटे असते. हात आधी घडतात. त्यांत नेमकी बसणारी वस्तू जगात आहे की नाही, हे कुणालाच ठाऊक नसते. कितीतरी जणींना ती वस्तू कधीच भेटत नाही. मला भेटली.

कादंबरी तेव्हा तान्ही होती. तिच्या मांडीत सुई टोचली गेली, त्या दिवशी ती कमी रडली, तिची आई शर्मिला जास्त. सुईतून आले ते धनुर्वाताचे विष, पण त्याची नांगी आधीच काढून टाकलेली. कात्रजच्या सर्पोद्यानात काचेआडून नाग दाखवतात, तसेच हे. ओळख व्हावी, दंश होऊ नये. ते वाहत वाहत जांघेतल्या गाठीत आले, आणि माझ्या हातांत असे बसले की मी दचकलेच.

पण नुसते पकडून भागत नाही. मी ते गिळले, त्याचे तुकडे केले आणि एक तुकडा बाहेर धरून उभी राहिले. मग मदतनीस पेशी आली. अस्सल पुणेकर!

"तुम्हाला वाटतं म्हणून मी मान्य करायचं का?" ती म्हणाली. "तुकडा दाखवा."

मी दाखवला. तिने तो सगळ्या बाजूंनी पाहिला.

"ठीक आहे. लागा कामाला. आणि उगाच गाजावाजा नको."

तिची अशी परवानगी लागतेच, नाहीतर आम्ही भलत्यावरच हात टाकू.

मग आमचा अभ्यास सुरू झाला. सदाशिव पेठेत एकेका गल्लीत क्लास भरतात, तशी गाठीच्या आत आमची दाटी झाली. एकीच्या दोन, दोघींच्या चार. प्रत्येक वेळी हातांत बारीकसा फरक पडायचा, आणि मग पुन्हा परीक्षा. जिची पकड सैल, ती मुकाट्याने विरघळून जायची. माझ्या कितीतरी बहिणी तिथेच राहिल्या. त्यांची नावेही नव्हती, पण मला त्यांची आठवण आहे. आठवण ठेवणे हेच तर माझे काम.

पास झालेल्यांतल्या काही जणी फुगून मोठ्या झाल्या आणि रात्रंदिवस प्रतिपिंडे करू लागल्या. प्रतिपिंडे, म्हणजे ज्यांना मोठी माणसे अँटिबॉडी म्हणतात ती, दुसरीतिसरी काही नसतात. ते आमचेच हात, सुटे करून रक्तात सोडलेले. विष दिसले की ते त्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात. त्या बहिणींचे तेव्हा फार कौतुक झाले. मला मात्र सांगण्यात आले, "तू थांब."

मी थांबले. पुढे आणखी दोन-तीन वेळा सुया आल्या, मला जाग आली, मी पुन्हा थांबले. शर्मिला खराडीच्या कंपनीत कामाला आहे. तिथे हाती काम नसलेल्याला "बेंचवर आहे" म्हणतात. मीही वर्षानुवर्षे बेंचवर होते. या गाठीतून त्या गाठीत हिंडायचे आणि वाट पाहायची. रक्तातले आमचे हात हळूहळू विरळ होत गेले. पाचव्या वर्षी आठवणीचा डोस, म्हणजे बूस्टर, मिळायचा होता. पण त्या वर्षी शर्मिलाचे काम वाढले, घरही बदलले. "पुढच्या शनिवारी नक्की," असे ती आणि कादंबरीचे बाबा अनिरुद्ध एकमेकांना सांगत राहिले. शनिवार येत होते, जात होते. मी कुणाला सांगणार?

मग एके दिवशी शाळेनंतर पाळणाघरात लपाछपी खेळताना कादंबरी पार्किंगमध्ये शिरली आणि एका जुन्या सायकलच्या गंजक्या पत्र्याने तिच्या डाव्या हाताचे बोट कापले. पाळणाघरातल्या बाईंनी हळद दाबून पट्टी बांधली. संध्याकाळपर्यंत पट्टी कुठेतरी पडली, आणि घरी सांगायचे कादंबरी विसरली.

बोटात मातीतले जंतू शिरले होते. पू करणाऱ्या जंतूंची खबर आमच्या काखेतल्या गाठीत पोहोचली आणि त्यांना ओळखणाऱ्या माझ्या शेजारणी भराभर वाढू लागल्या. जागा पुरेना. गाठ फुगली. मी मात्र कोपऱ्यात बसून वेगळ्याच काळजीत होते. त्या मातीत माझा शत्रूही असला तर? धनुर्वाताचे विष मोठे लबाड. ते इतके थोडे असते की आम्हाला जाग येण्याआधीच नसांत शिरते. तेव्हा नुसती आठवण उपयोगी पडत नाही. रक्तात हात तयार हवेत. आणि आमचे तर विरळ झालेले.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंघोळ घालताना शर्मिलाचा हात काखेत थबकला.

"अनिरुद्ध, इकडे ये. हे काय आहे बघ."

"काही नाही गं. गाठ असेल."

"गाठ आहे हे मलाही कळतंय!"

'गाठ' हा शब्दच असा, की उच्चारला तरी मोठ्या माणसांना कर्करोगच आठवतो. त्यानंतर तिची बोटे सारखी येऊ लागली. शाळेत जाताना, जेवताना, गोष्ट सांगताना. ती हळूच दाबून पाहायची, आणि आमच्या छताला धक्के बसायचे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तिने काय काय वाचले, देव जाणे. पण संध्याकाळी ती लेकीला कडेवर घेऊन, सहा वर्षांच्या घोडीला कडेवर घेऊन, सदाशिव पेठेत डॉक्टर आनंदींच्या दवाखान्यात शिरली.

"डॉक्टर, काखेत गाठ आहे हो. मी वाचलं की…"

"वाचलंत? मग मला कशाला विचारताय?" डॉक्टर म्हणाल्या. त्यांची बोटे थंड होती, पण हलकी. "दिवसातून किती वेळा दाबता?"

"दोनदा… तीनदा…" शर्मिला मोजू लागली.

"आई सारखी दाबते," कादंबरीने सांगून टाकले.

"शहाणी आहेस. आता हात दाखव. काख नाही, हात."

तेव्हा कुठे ते बोट सगळ्यांनी पाहिले. लाल, सुजलेले, टोकाला पिवळा ठिपका, असे डॉक्टरांनी मोठ्याने सांगितले म्हणून मला कळले.

"गाठ आहे ना? असायलाच हवी. बोटाला असं झालंय म्हणून ती आली," डॉक्टर म्हणाल्या. "माझी आई भोरकडची. तिकडे याला अवधान येणं म्हणतात."

"अवधान म्हणजे लक्ष ना?"

"तेच समजा. जखम एकीकडे आणि तुमचं लक्ष दुसरीकडे. तिच्या गाठीचं लक्ष मात्र बरोबर जखमेकडे आहे."

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला चांगल्या नावाने हाक मारली. त्या गर्दीतल्या माझ्या शेजारणी आणखी जोमाने कामाला लागल्या, असे मला वाटले.

मग डॉक्टरांनी विचारले, "पाच वर्षांचा डोस झाला?"

"राहिलाय," शर्मिलाचा आवाज एकदम लहान झाला. "पण आता नको ना. आधी गाठ उतरू दे, मग टोचू."

गाठीला घाबरून ती माझाच डोस परत पाठवत होती!

"अहो, गंजका पत्रा लागलाय, मातीत खेळलीय. धनुर्वात गाठ उतरायची वाट बघत थांबणार आहे का?" डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांचा सूर मऊ झाला. "घाबरलात, ते कळतं मला. गाठ असताना हे इंजेक्शन चालतं. बोट मी साफ करून देते, औषध देते. दोन आठवड्यांनी गाठ तेवढीच राहिली किंवा वाढली, तर या. तोवर तिला हात लावायचा नाही. जमेल?"

उत्तर दिले ते कादंबरीनेच.

"त्याच हाताला द्या. हा दुसरा मला खेळायला पाहिजे."

डॉक्टर हसल्या, आणि रडता रडता शर्मिलाही. तिने स्वतः बाही वर केली.

सुई डाव्या दंडात शिरली. थोड्या वेळाने ती जुनी ओळखीची वस्तू माझ्या हातांत येऊन बसली. या वेळी क्लास नाही, धडपड नाही. मदतनीस पेशीने तुकडा पाहिला आणि एवढेच म्हणाली, "तुम्ही का? मग विचारायचं काय त्यात."

मी भराभर वाढले. एकटी होते ती अनेक झाले. माझ्यातल्या बऱ्याच जणी लगेच प्रतिपिंडे करायला बसल्या. त्यांना माहीत होते की एवढे काम केल्यावर आपण फार दिवस जगणार नाही. एकीनेही मागे वळून पाहिले नाही. काही दिवसांत कादंबरीचे रक्त आमच्या हातांनी भरून गेले. त्या पत्र्यावर माझा शत्रू होता की नव्हता, ते मला कधीच कळले नाही. असता, तरी त्याला आता वाट नव्हती. तुमच्याशी बोलणारी मी मागे राहिलेल्यांतली. पुन्हा थांबणारी.

बोट भरून आले, गाठही ओसरली. दोन आठवडे शर्मिलाने शब्द पाळला. मग एका सकाळी अंघोळ घालताना तिने धीर करून काखेत बोटे घातली. इकडे चाचपले, तिकडे चाचपले.

"आई, पुरे! गुदगुल्या होतात."

"लागतच नाही गं हाताला काही," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. आणि ओल्या लेकीला तशीच कुशीत घेऊन न्हाणीघरात खाली बसली. तिच्या काळजाचे ठोके मला कादंबरीच्या फासळ्यांतून ऐकू आले. ते हळूहळू शांत झाले.

मित्रांनो, तुमच्या अंगातही माझ्यासारख्या कितीतरी जणी आहेत. आम्हाला कौतुक नको. डोसाचा दिवस आला की दंड पुढे करा आणि कुठे खरचटले तर लपवू नका, घरी सांगा. आणि आयांनो, तुमची बोटे काळजीने येतात हे आम्हाला कळते. पण आम्ही हाताला लागत नाही, तेव्हाच सगळे ठीक असते. फक्त, हाताला लागत नाही म्हणून आम्ही नाहीच, असे कधी समजू नका.